एट बिलो

एट बिलो : अंटार्क्टिकात मागे राहिलेल्या आठ स्लेज-कुत्र्यांवरचा अमेरिकन कौटुंबिक चित्रपट (२००६). निर्मिती वॉल्ट डिस्नेची, दिग्दर्शन फ्रँक मार्शल यांचे. जेरी शेपर्ड हा वाटाड्या (पॉल वॉकर) एका भूवैज्ञानिकाला उल्केच्या शोधात स्लेजवरून माउंट मेलबर्नकडे नेतो. परतताना वैज्ञानिक फुटलेल्या बर्फातून पाण्यात पडतो, तेव्हा माया ही कुत्री पोटावर सरपटत दोर त्याच्यापर्यंत पोचवते. पुढे वादळ येते, विमानात जागा पुरत नाही आणि माणसे कुत्र्यांना साखळीला बांधून निघून जातात. चित्रपट ‘इमानी कुत्र्यांचा’ म्हणून ओळखला जात असला, तरी इमान राखण्याची पाळी त्यात खरे तर माणसावर आलेली आहे. तो मुलांना दाखवावा की नाही, हेही त्यावरूनच ठरवायला हवे.

कथेचे मूळ जपानी आहे. फेब्रुवारी १९५८ मध्ये अंटार्क्टिकातल्या शोवा या जपानी तळावरच्या पहिल्या हिवाळी तुकडीला छोट्या विमानाने हलवण्यात आले. दुसरी तुकडी काही दिवसांतच उतरणार, म्हणून पंधरा साखालिन कुत्री बांधून ठेवली होती. पण ‘सोया’ जहाजाला बर्फ फोडता आला नाही आणि ती तुकडी उतरलीच नाही. जानेवारी १९५९ मध्ये माणसे परतली तेव्हा सात कुत्री साखळीतच मेलेली होती, सहांचा पत्ता नव्हता आणि तारो व जिरो हे दोघे जिवंत होते. मेलेल्या सोबत्यांना त्यांनी तोंड लावलेले नव्हते. कोरेयोशी कुराहारा यांनी यावर ‘नान्क्योकु मोनोगातारी’ (१९८३) काढला. डिस्नेची पटकथा त्याच्यावरूनच बेतलेली आहे.

पंधरांतले दोन वाचले, ते डिस्नेने आठांतले सहा केले. हा आकडा मुलांना फसवतो, असा आक्षेप घेता येईल. पण मृत्यू पुसून टाकलेला नाही. म्हातारा जॅक साखळीतून सुटत नाही. जेरी परततो तेव्हा तो बर्फाखाली तिथेच सापडतो. ड्यूई ध्रुवीय प्रकाशामागे धावताना कड्यावरून कोसळतो आणि बाकीची कुत्री त्याच्या अंगाला अंग लावून बसतात. रक्त नाही, किंकाळी नाही, मॅक्स तेवढा इतर निघून गेल्यावरही त्याच्यापाशी रेंगाळतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला मृत्यू समजायला एवढे पुरते. तेरा मरणे लागोपाठ पाहून ते अधिक समजते असे नाही. स्वर्गाच्या दारापर्यंत धर्मराजाबरोबर गेलेल्या कुत्र्याची गोष्ट आपली मुले याहून लहान वयात ऐकतात, आणि तिथेही कसोटी कुत्र्याची नव्हे, त्याला सोडून आत जायला नकार देणाऱ्याची आहे.

दुसरा आक्षेप भीतीचा, आणि तो खरा आहे. मेलेल्या देवमाशाच्या पोटातून बिबट्या सील एकदम उसळून येतो तो प्रसंग मोठ्यांनाही दचकवतो. तो सील यांत्रिक बाहुला आहे हे पडद्यावर कळत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी चित्रपट नाहीच. पण हा धसका दोन मिनिटांत ओसरतो. अधिक काळ टोचतो तो मुलाचा साधा प्रश्न : जाताना साखळी का सोडली नाही? इथेच डिस्ने कमी पडते. जेरीचे हात हिमदंशाने निकामी, वादळ डोक्यावर, वैमानिक मैत्रीण परत यायला तयार, वरिष्ठ नाइलाज सांगणारे. सगळेच भले, म्हणून दोष कुणाचाच नाही. जपानी चित्रपटातला सांभाळकर्ता (केन ताकाकुरा) नोकरी सोडतो आणि कुत्री देणाऱ्या घरोघर जाऊन माफी मागतो. कुणी म्हणेल, अपराधाचे एवढे ओझे मुलाच्या डोक्यावर कशाला? पण दोष आपला नसला तरी भरपाई आपलीच, हे भाऊ-बहिणीच्या भांडणातही मुलाला कळते. डिस्नेचा जेरी अखेर परत जातो खरा. पण अपराधाच्या कबुलीवर चित्रपट फारसा रेंगाळत नाही, ती उणीव पालकांनी शेजारी बसून भरून काढावी लागते.

निसर्गाच्या बाबतीत मात्र विश्वास ठेवू नये. ऐन हिवाळ्यात अंटार्क्टिकाच्या बऱ्याच भागात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही, पडद्यावर मात्र उजेडाची चंगळ आहे; चित्रीकरणाचा मोठा भाग कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात झाला. काळ १९९३ चा निवडला, तो मात्र अचूक : माद्रिद करारानुसार १ एप्रिल १९९४ पर्यंत सगळी कुत्री त्या खंडावरून हलवायची होती, कारण त्यांचे रोग सीलना लागण्याची भीती होती. तारो पुढे जपानला परतून १९७० मध्ये वारला, जिरो १९६० मध्ये शोवा तळावरच. आज पेंढा भरलेला जिरो तोक्योच्या उएनो येथील संग्रहालयात आहे आणि तारो साप्पोरोत.