अमृत गुरुङ आणि नेपाळी लोक-रॉक
१९५१ साली सुरू झालेल्या रेडिओ नेपाळने डोंगराळ मुलखातील गाणी देशभर पोहोचवली; मात्र १९९० मध्ये पंचायत राजवट, म्हणजे राजाच्या हाती सत्ता ठेवणारी पक्षविरहित व्यवस्था, संपल्यावर तरुणांच्या बँडसंगीताला खरा बहर आला. त्याच सुमारास पोखरा शहरातील तरुणांनी उभारलेल्या ‘नेपथ्य’ या बँडचे गायक अमृत गुरुङ यांनी पायी भटकंती करून लोकगीते गोळा केली आणि मादल या हातांनी वाजवायच्या दुतोंडी ढोलकाच्या लयीला गिटार व ड्रम्सची जोड दिली. १९९६ ते २००६ या माओवादी बंडखोर व सरकार यांच्यातील सशस्त्र संघर्षाच्या काळात त्यांनी गावोगावी शांततेसाठी गायन केले, त्यामुळे लोकधून ही दुभंगलेल्या समाजाला एकत्र आणणारी सार्वजनिक वाणी ठरली.