धाराशिवच्या शेतकरी घराण्याची वंशावळ: कागद आणि परंपरा

धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकरी घराण्याची वंशावळ शोधायची तर दोन वाटा आहेत: एक जमिनीच्या कागदांची, दुसरी देवाधर्माच्या नोंदींची. अमेरिकेतल्या खेड्यात 1850 पासूनच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव सापडते. हा जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथे जनगणना 1881 पासून झाली, पण घरोघरच्या नावांच्या याद्या जपल्या गेल्या नाहीत. म्हणून इथे खापरपणजोबाचे नाव मिळते ते शेतसाऱ्याच्या किंवा तीर्थयात्रेच्या निमित्ताने.

शोध आजच्या सातबाऱ्यापासून मागे जातो. फेरफाराच्या नोंदींत वारस लागल्याचे दाखले असतात. त्यामागे 1950 च्या दशकातले खासरा पत्रक येते. मराठवाड्यात जमीन कोणाच्या नावे होती, हे ठरवताना आजही त्याचाच आधार घेतात. त्याआधीची कागदपत्रे निजामी अमलातली आहेत. गावच्या कुलकर्ण्याचे दप्तर मोडी मराठीत, तर वरच्या कचेरीचे फारसीत आणि 1884 च्या सुमारापासून उर्दूत. सन फसली असते. त्यात 590 मिळवले की इसवी सन निघते. फसली 1310 म्हणजे साधारण 1900-01.

मधला काही काळ इंग्रजी अमलाचा आहे. 1853 च्या तहाने हा मुलूख कंपनीकडे गेला आणि 1860 मध्ये निजामाकडे परतला. त्या वेळी नळदुर्ग हे जिल्ह्याचे ठाणे होते आणि सुरुवातीला कारभार मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याकडे होता. पुढे निजामाचा दिवाण सालारजंग याने 1865 मध्ये जिलाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची नवी रचना केली.

या कागदांत आडनाव क्वचितच असते. ‘राणू वल्द लक्ष्मण’, म्हणजे लक्ष्मणचा मुलगा राणू, एवढेच लिहिलेले दिसते. बाई असेल तर ‘कोम’ लिहून पुढे नवऱ्याचे नाव. नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे एका घरात लक्ष्मण-राणू, लक्ष्मण-राणू अशी नावे फिरत राहतात. अशा वेळी पिढी ओळखायची तर शेताचे नाव, सर्व्हे नंबर आणि शेजारच्या खातेदारांची नावे ताडून पाहावी लागतात. पाटील, कुलकर्णी, देशमुख अशा वतनदारांची गोष्ट वेगळी. वतन किंवा इनाम कोणाकडे जाणार, हे ठरवण्यासाठी वंशवृक्ष द्यावा लागे. त्यामुळे इनामाच्या चौकशीचे कागद आणि मुंतखब (त्या चौकशीच्या निर्णयाचा दाखला) यांतून अनेक पिढ्या सलग मिळतात. कुळे आणि शेतमजूर यांच्या वाट्याला असा कागद फार कमी आला. त्यांचा माग म्हणूनच देवाधर्माच्या वाटेने अधिक लागतो.

तुळजापूरच्या भवानीचे पुजारी आणि त्यांची यजमान घराणी यांचे नाते पिढीजात आहे. कुलाचाराला जाणारे कुटुंब आपल्या ठरल्या पुजाऱ्याकडेच उतरते. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे गाव, जात, वडील, भाऊ, मुले यांची नावे लिहिलेली असतात. कर्नाटकात आणि त्याला लागून असलेल्या महाराष्ट्रात हेळवी समाजाचे लोक गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ सांगत आले. पुढे त्यांनी त्या लिहूनही ठेवल्या. देवघरातले पूर्वजांचे टाक, शेतातली समाधी, देवक आणि कुलदैवत यांवरून एका घराण्याच्या वेगवेगळ्या गावी गेलेल्या शाखा ओळखता येतात. 1876-78 च्या दुष्काळाने अनेक कुटुंबे गाव सोडून गेली, तिथे हा पुरावा विशेष कामी येतो.

बायकांची नावे मात्र या दोन्ही वाटांवर कमी भेटतात. वंशावळीत मुलगा लिहिला जातो, मुलगी सहसा गळते. आजी-पणजीचे माहेर तोंडी आठवणीतूनच कळते. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना वेळेवर विचारून ते लिहून घेणे सगळ्यात निकडीचे आहे.

2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठा आरक्षणाच्या प्रश्नात कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरे तपासायला घेतली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज सर्वांना पटली. आरक्षणाच्या प्रश्नापलीकडेही ही दप्तरे मोलाची आहेत, कारण सामान्य शेतकऱ्याचे नाव त्यांतच टिकले आहे. ती वाचणारी माणसे तयार होणे आणि कागदांच्या प्रती काढून ठेवणे, ही या जिल्ह्याच्या इतिहासाची पहिली गरज आहे.