मेल्यामागचा हिशेब

देव नाही आणि परलोकही नाही असे मानणाऱ्याने नीतीने का वागावे? जुन्नर-आंबेगावच्या गावांतून लेण्यांतले लेख उतरवून घेत हिंडताना हा प्रश्न मला कीर्तनकारांनी विचारला आहे आणि शिक्षकांनीही. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेले असते: वर हिशेब होणार नसेल, तर खाली कोण कोणाला भितो? या प्रश्नाचा शोध आपल्याच तालुक्यांतल्या दगडांपासून घेता येतो.

सुरुवात नाणेघाटापासून करू. सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख तिथल्या लेण्यात आहे. आरंभीच्या वंदनात धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव यांच्याबरोबर लोकपालांमध्ये यमाचेही नाव येते. पुढे अश्वमेध, राजसूय यांसारखे यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची लांबलचक यादी आहे. हा यजमान, पुरोहित आणि दक्षिणा यांचा मार्ग.

त्याच मुलखात लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा या डोंगरांत दोनशेहून अधिक बौद्ध लेणी खोदली गेली. बौद्ध विचारात जग निर्माण करणारा ईश्वर नाही, कायम टिकणारा आत्मा नाही. कर्म आणि पुनर्जन्म मात्र आहेत. म्हणजे ईश्वराविना नीती ही कल्पना बाहेरून आलेली नाही. तिचे पुरावे जुन्नरच्या डोंगरांत आहेत. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने मानमोडीला पाण्याची पोढी आणि मंडप दिला. लेखात वर्ष 46 आहे आणि हेतू एका शब्दात आहे: ‘पुनथय’, पुण्यासाठी. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. अदुथुम या शकाने जमिनीचे उत्पन्न श्रेणीकडे लावून दिले, ते करंज आणि वडाची झाडे लावण्यासाठी.

या दानांचे फळ पुढच्या जन्मी मिळाले की नाही, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. पाणी मात्र तहानलेल्याला मिळाले आणि सावली वाटसरूला. मेल्यानंतरच्या पुण्याचा हिशेब जिवंत माणसांच्या गरजेत मांडलेला होता.

पुनर्जन्मही न मानणारे चार्वाक होते. त्यांचे ग्रंथ उरले नाहीत. मते कळतात ती बहुतेक विरोधकांच्या लिखाणातून, जसे चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’तून. श्राद्धावरचा त्यांचा आक्षेप साधा होता: इथे वाढलेले पान तिथे पोहोचत नाही, पोहोचते ते वाढून घेणाऱ्याला.

हाच आक्षेप एकोणिसाव्या शतकात वेगळ्या वाटेने ओतूरला आला. जोतीराव फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन केला. फुले नास्तिक नव्हते, निर्मिक मानत होते. पण निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल त्यांना नको होता. 1884 साली ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचे लग्न ग्रामजोश्याला न बोलावता लावले. जोश्यांनी वतनाच्या हक्कासाठी फिर्याद केली. वाद मुंबई हायकोर्टापर्यंत गेला आणि 1890 साली निकाल पाटलांच्या बाजूने लागला. वाद लग्नाचा होता, पण वतनी हक्काचा तोच धागा बारशापासून दहाव्यापर्यंत प्रत्येक विधीला बांधलेला होता. विधी नाकारला तरी दक्षिणा द्यावीच लागेल का, हा खरा मुद्दा होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे फुल्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, 1891 साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी स्वर्ग आणि श्राद्ध यांची चिकित्सा करून दोन्ही नाकारले. त्याच पुस्तकात सत्यवर्तनाचे 33 नियम आहेत. स्वर्गाचे आमिष काढून घेतल्यावर नीती सैल झाली नाही, उलट अधिक काटेकोर झाली. त्याच काळात पुण्यात आगरकर ईश्वराविषयी उघड शंका घेत होते. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी त्यांच्या सचोटीवर कोणाला बोट ठेवता आले नाही.

तर मग श्रद्धा निरुपयोगी आहे काय? इथे आंबेगावातल्या माळीणकडे पाहावे लागते. 30 जुलै 2014 च्या पहाटे मुसळधार पावसात डोंगर खाली आला आणि 151 माणसे गेली. गाव दिसत नाही, हे एसटीच्या चालकाच्या लक्षात आले, तेव्हा बाहेर बातमी पोहोचली. अशा वेळी ‘त्यांचे भोग’ किंवा ‘देवाचा कोप’ हे शब्द ऐकू येतात. मला ते धोक्याचे वाटतात. मेलेल्यांच्या माथी दोष गेला, की उतारावरची माती, पाण्याच्या वाटा आणि पुढच्या वाडीची सुरक्षितता यांविषयी विचारायचे राहून जाते. या प्रश्नांची उत्तरे भूगर्भशास्त्रानेच शोधायची असतात.

पण ज्याच्या घरातली सगळी माणसे एका पहाटेत गेली, त्याला मातीच्या थरांचा अहवाल देऊन भागत नाही. दहाव्याला घाटावर जमलेले गाव, डोक्यावरून फिरणारा वडीलधाऱ्यांचा हात, सुतकात शेजारून येणारी भाकरी यांची त्याला गरज असते. नास्तिकाने हे ओळखले पाहिजे. आणि आस्तिकाने हे ओळखले पाहिजे की, त्या भाकरीसाठी परलोकाचा पुरावा लागत नाही. ती शेजारी देतो.

अलीकडे आपल्याकडे काही घरांत रक्षा नदीत न सोडता शेताच्या बांधावर खड्ड्यात घालून त्यात आंबा किंवा वड लावतात. दहाव्याचा खर्च आटोपता घेऊन शाळेला देणगी देणारेही आहेत. त्यातले कोणी माळकरी आहेत, कोणी काहीच न मानणारे. दोघांची झाडे सारखीच वाढतात आणि अदुथुमाच्या करंजांसारखी सावली कोणाची, हे विचारत नाहीत.