पायाखालची प्रतिमा : जपानच्या गुप्त ख्रिस्ती समाजाची अडीचशे वर्षे

१/ ५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ ख्रिस्ती जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत एक होते वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया. ते फ्रान्सिस्कन संघाचे धर्मबंधू होते आणि जपानी भाषेवरील प्रभुत्वामुळे दुभाष्याचे काम करीत. आजचा धागा मात्र त्यांच्या पश्चात जिवंत राहिलेल्यांचा आहे.

२/ फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरल्यापासून जपानमध्ये ख्रिस्ती धर्म वेगाने पसरला होता. काही सरदारांनीही बाप्तिस्मा घेतला. या धर्मामागून परकी सत्ता येईल, ही शंका राज्यकर्त्यांच्या मनात बळावत गेली. १६१४ मध्ये तोकुगावा शासनाने देशभर बंदी घातली.

३/ देहदंडाने हुतात्मे निर्माण होतात आणि हुतात्म्यांमुळे श्रद्धा वाढते, हे शासनाच्या लवकरच ध्यानी आले. तेव्हापासून छळाचा हेतू पालटला : मारण्यापेक्षा धर्म सोडायला लावणे. १६३३ मध्ये खड्ड्यात उलटे टांगल्यावर जेझुइट संघाचे प्रमुख फेरेरा यांनीही धर्मत्याग केला.

४/ पुढे यंत्रणा उभी राहिली. प्रत्येक कुटुंबाची बौद्ध मंदिरात नोंद सक्तीची झाली. पाच-पाच घरांचे गट पाडून एकाच्या अपराधाला साऱ्यांना जबाबदार धरले गेले. खबर देणाऱ्यास चांदीचे इनाम होते.

५/ आणि होते ‘फुमि-ए’. येशूची वा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि एकेकाने तिच्यावर पाय द्यायचा. नागासाकीत नववर्षाच्या सुमारास हा विधी दरवर्षी होई. नकार देणे म्हणजे पकडले जाणे.

६/ बहुतेकांनी पाय दिला. घरी येऊन ते ‘कोन्चिरिसान’ म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू नसेल, तर अंतःकरणापासूनच्या पश्चात्तापानेही क्षमा मिळते, अशी शिकवण देणारी पुस्तिका बंदीपूर्वीच तयार झाली होती. पुढे देशात मोकळा फिरणारा एकही धर्मगुरू उरला नाही, तेव्हा तीच आधार ठरली.

७/ गावांनी आपली व्यवस्था लावली. एक जण सणवारांचे पंचांग सांभाळी, दुसरा बाप्तिस्मा देई. प्रार्थना तोंडपाठ करून पुढच्या पिढीला दिल्या जात. त्यांतील लॅटिन आणि पोर्तुगीज शब्दांचे अर्थ पुसट झाले, तरी पठण थांबले नाही. बौद्ध देवता कान्नोनच्या मूर्तीपुढे हात जोडताना मनात मरियाच असे.

८/ १८६५ च्या आरंभी नागासाकीत परदेशीयांसाठी ओउरा चर्च उभे राहिले. ते निशिझाकाच्या त्याच २६ हुतात्म्यांना अर्पण केलेले होते. १७ मार्च रोजी उराकामी गावचे काही लोक तेथे आले. त्यांतील एका स्त्रीने फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना हळूच सांगितले, की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. आणि विचारले, मरियेची मूर्ती कुठे आहे?

९/ बंदी अजून उठली नव्हती. १८६७ मध्ये उराकामीकरांनी मृतांचे अंत्यविधी बौद्ध भिक्षूंविना उरकले आणि अटकसत्र सुरू झाले. मेइजी शासनाने तीन हजारांहून अधिक गावकऱ्यांना दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केले. त्यांतले सहाशेहून अधिक मरण पावले. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या निषेधानंतर १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले आणि उरलेले घरी परतले.

१०/ निष्ठेचा इतिहास बहुधा नकार देणाऱ्यांच्या नावांनी लिहिला जातो. निशिझाकाच्या २६ जणांना १८६२ मध्ये संतपद मिळाले. प्रतिमेवर पाय देऊन रात्री रडत क्षमा मागणाऱ्यांची नावे कुठेच नाहीत. परंतु १८६७ मध्ये उघडपणे ‘नाही’ म्हणणारे गावकरी त्यांचेच वंशज होते. पूर्वजांनी वर्षानुवर्षे ती लाज सोसली नसती, तर त्या दिवशी नकार द्यायला उराकामीत कोणी उरले असते का?