डाख आणि नकाशा

इतिहास म्हटला की आपल्या मनापुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. तुटलेले जोडणाऱ्या आणि बंद पडलेले चालते करणाऱ्या हातांना बखरीत जागा मिळत नाही. ते हात कोणी शिकविले, ते कसे शिकले, आणि आज एखाद्या नवशिक्याने तीच विद्या शिकावयाची म्हटले तर त्याच्या वाटेत काय आडवे येते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

डाख देण्याची कला आपल्याकडे रेडिओबरोबर आली असे मानणे चुकीचे होईल. कल्हईवाला आठवा. भात्याने निखारे फुलवायचे, भांडे तापवायचे, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर निघाला की कथलाचा तुकडा टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्याने तो झरझर फिरवायचा. यांतले शास्त्र असे की, तापलेल्या तांब्या-पितळेवर हवेने एक मळकट पापुद्रा चढतो आणि त्यावर कथील धरत नाही. नवसागर तो पापुद्रा खाऊन टाकतो. सोनार टाकणखार वापरतो तोही याचसाठी. रेडिओच्या कारागिराच्या डाखात कथील आणि शिसे असते, आणि मळ काढण्याचे काम राळ करते. तत्त्व एकच, पण एक भेद जीवघेणा आहे. नवसागर भांड्यावरून धुऊन टाकता येतो; रेडिओच्या बारीक तारेवर तो राहिला तर काही महिन्यांत तार खाऊन टाकतो. म्हणून जुन्या विद्येचा हात नव्या विद्येला उपयोगी पडतो, पण डोळे मिटून नव्हे.

आता रेडिओकडे वळू. 23 जुलै 1927 रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. आपला जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. स्वातंत्र्यानंतर 1948 साली नागपूर केंद्र सुरू झाले, आणि मराठी आवाज आपल्या अधिक जवळून येऊ लागला. पुढे 1956 साली आपण मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आलो. रेडिओ बाळगावयाचा तर परवाना लागे. वीज नसलेल्या गावी कोरड्या बॅटरीवर चालणारे संच असत. अशी मोलाची वस्तू बिघडली म्हणजे ती टाकून देण्याची कल्पनाही कोणाच्या मनात येत नसे. ती दुरुस्तच व्हावयास हवी होती, आणि या गरजेतूनच रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर निर्माण झाला.

त्या काळच्या संचात काचेचे व्हॉल्व्ह असत. त्यांच्या भोवती कंडेन्सर आणि रेझिस्टन्स हातभर तारांनी जोडलेले असत. प्रत्येक सांधा डोळ्यांना दिसे. रेझिस्टन्सवरील रंगीत पट्टे हीच शिकाऊ मुलाची बाराखडी. तपकिरी म्हणजे 1, काळा म्हणजे 0, आणि तिसरा तांबडा पट्टा म्हणजे पुढे दोन शून्ये. झाला 1000 ओहमचा रेझिस्टन्स. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, कंपन्या दुरुस्तीसाठी संचाचा नकाशा छापीत असत. कोणता भाग कोठे, कोणत्या टोकाला किती व्होल्ट, हे त्यात लिहिलेले असे. वैद्याने नाडी पाहावी तसा कारागीर मीटर टेकवी, नकाशातला आकडा आणि मीटरचा आकडा ताडून पाही, आणि जेथे दोन्ही जुळत नसत तेथे रोग पकडी.

याच सुमारास हाताने शिकण्याचा मोठा विचार आपल्या शेजारी चालू होता. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची योजना पुढे आली. मुलाने एखादा उद्योग करता करता शिकावे, हा तिचा गाभा. तेथे मुख्यतः सूतकताई होती, शेती होती, रेडिओ नव्हता. पण तत्त्व रेडिओलाही तंतोतंत लागू पडते. विद्युत्‌धारेचे नियम पाठ करणारा मुलगा आणि बंद कंडेन्सर शोधून काढणारा मुलगा, यांपैकी नियम कोणाला अधिक कळले? दुर्दैवाने आपण पुस्तकाला वर बसविले आणि हाताला खाली. 1950 साली देशात कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली व तिच्यातून आय.टी.आय. वाढल्या, तरीही पदवी मिळेना म्हणून तेथे जायचे, ही समजूत काही सुटली नाही.

डिसेंबर 1947 मध्ये अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. काचेच्या व्हॉल्व्हची जागा त्या इवल्या तुकड्याने घेतली आणि रेडिओ शेतावर, बैलगाडीत जाऊन बसला. तारांच्या जाळ्याऐवजी छापील बोर्ड आले. पुढे एकेका चिपमध्ये हजारो, मग कोट्यवधी ट्रान्झिस्टर मावू लागले. सुटे भाग तांदळाच्या दाण्याहून लहान झाले. शिसे विषारी म्हणून युरोपात जुलै 2006 पासून बिनशिशाचा डाख आला. जुना डाख सुमारे 183 अंशांना वितळे. नव्याला 217 अंशांच्या आसपास उष्णता लागते.

हे सारे बदलले तरी सांधा मात्र तोच राहिला. नवशिक्या पहिली चूक करतो ती ही की, डाख इस्तरीवर वितळवून थेंब सांध्यावर ठेवतो. वरून तो गोल, सुबक दिसतो. आत जोड नसतोच. योग्य रीत अशी : इस्तरीच्या टोकाने तार आणि बोर्डावरील तांबे दोन्ही तापवावे, डाख त्या तापलेल्या जागेला लावावा, तो आपोआप पसरू द्यावा, आणि गोठेपर्यंत हात हलवू नये. हात हलला की सांधा कोरडा राहतो; आज यंत्र चालते, उद्या थांबते. आणखी दोन गोष्टी. वीज बंद केली तरी मोठा कंडेन्सर भार धरून राहतो, म्हणून तो रिकामा केल्याखेरीज आत बोट घालू नये. धूर निघतो तो राळेचा. तो नाकात जाऊ देऊ नये. शिसे हाताला लागते, म्हणून जेवणापूर्वी हात धुवावेत. सुरुवात मेलेल्या बोर्डावर करावी. मेलेल्याला आणखी मारता येत नाही, हे शिकणाऱ्याचे मोठे भाग्य.

खरी अडचण हातात नाही, नकाशात आहे. ज्या वस्तूंचे नकाशे एके काळी दुरुस्तीसाठी छापले जात, त्यांच्या आजच्या वंशजांचे नकाशे बहुधा मिळत नाहीत. दहा-वीस रुपयांचा एक कंडेन्सर गेला तरी अख्खा बोर्ड बदला असे सांगितले जाते. फवारणीचा हंगाम, विहिरीवरची मोटार, आणि बंद पडलेला स्टार्टर. अशा वेळी आपल्या शेतकऱ्याला याची किंमत कळते. जगात याविरुद्ध आवाज उठला आहे. आपल्या केंद्र सरकारने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व त्याच वर्षअखेर संकेतस्थळ उघडले. युरोपीय संघाने 2024 साली त्याविषयी निर्देश काढला.

पण हक्क कागदावर मिळाला तरी तो बजावणारे हात लागतात. आपल्याकडे ही विद्या बव्हंशी दुकानात, मांडीला मांडी लावून, तोंडी चालत आली. ती मराठीत नीट लिहिली गेली नाही. व्हॉल्व्हच्या काळापासून काम करीत आलेले कारागीर आता वृद्ध झाले आहेत. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा येथील अशा एखाद्या कारागिराजवळ एखाद्या शाळकरी मुलाने सुट्टीत महिनाभर बसावे आणि जे पाहिले ते वहीत उतरवावे. कंपनीने नकाशा दिला नाही तरी तारेमागे तार शोधीत तो पुन्हा काढता येतो, ही गोष्ट ते म्हातारे हातच त्याला शिकवू शकतील. ते हात थांबण्यापूर्वी हे व्हावयास हवे.