चाळिशी आणि सिंहमुख

दोन वर्षांपूर्वी वर्गात हजेरीपट वाचताना माझा हात आपोआप लांब गेला आणि पुढच्या बाकावरची मुले खुदकन हसली. त्याच आठवड्यात मला चाळिशी लागली. नाकावरच्या भिंगांना वयाचेच नाव देऊन मोकळी होणारी आपली भाषा मोठी रोखठोक! डोळ्यातले नैसर्गिक भिंग वयाबरोबर ताठर होते, जवळचे पाहण्यासाठी लागणारा फुगवटा त्याला येईनासा होतो; एवढेच त्या चाळिशीचे रहस्य. पण त्या निमित्ताने मी डोळ्यांच्या आणि कानांच्या इतिहासात डोकावलो, आणि घरातली माझीच एक चूक मला तिथे सापडली.

चष्मा जन्मला तेराव्या शतकाच्या अखेरीस, इटलीत. पहिले चष्मे फुगीर भिंगांचे, म्हणजे उतारवयात वाचण्यासाठीच होते. ते नाकावर कसेबसे तोलून धरावे लागत. कानांवर अडकवायच्या काड्या यायला अठरावे शतक उजाडले. तोवर चष्मा हे विद्वत्तेचे लक्षणही ठरून गेले होते. डोळ्याच्या उणिवेला अशी प्रतिष्ठा लाभली.

मोतीबिंदूची कहाणी याहून जुनी. शलाकेने डोळ्यावर करायचा उपचार सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. पुढे तुपात भिजवलेला कापूस ठेवून डोळा बांधावा, रोग्याने शिंकू नये, खोकू नये, अशी पथ्येही तिथे आहेत. पुढे कित्येक शतके जगभर वैदू सुईने गढूळ भिंग डोळ्यातच खाली ढकलीत. कधी दिसू लागे, कधी उरलेसुरलेही जाई. थोर जर्मन संगीतकार बाख याच्या डोळ्यांवर 1750 साली एका फिरत्या इंग्रज वैद्याने दोनदा शस्त्र चालवले. बाखला दृष्टी आली नाही, आणि त्याच वर्षी जुलैत तो वारला. त्याच्या तीनच वर्षे आधी, 1747 साली, दाव्हिएल नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याने गढूळ भिंग ढकलण्याऐवजी बाहेर काढण्याची वाट दाखवली होती.

पण भिंग काढल्यावर त्या जागी काय? बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा! आमच्या लहानपणी असे चष्मे घातलेले आजोबा आळीआळीत दिसत. त्यावरचा तोडगा युद्धाने सुचवला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे कण घुसत, आणि डोळा ते निमूट सोसतो, असे हॅरल्ड रिडली या लंडनच्या डॉक्टरांनी पाहिले. नोव्हेंबर 1949 मध्ये त्यांनी तशाच पदार्थाचे भिंग एका रोग्याच्या डोळ्यात बसवले. व्यवसायबंधूंनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. ‘सर’ हा किताब त्यांना मिळाला तो थेट 2000 साली! इकडे मदुराईला डॉ. व्यंकटस्वामींनी निवृत्तीनंतर, 1976 मध्ये, अकरा खाटांवर ‘अरविंद’ रुग्णालय मांडले. 1992 पासून त्यांच्या संस्थेने भिंगेही स्वतःच बनवायला घेतली आणि ती गरिबांच्या आवाक्यात आणली.

असेच एक भिंग गेल्या वर्षी माझ्या आईच्या डोळ्यात बसले. त्याचे कारण चकल्या. त्याआधीच्या दिवाळीत तिच्या हातचा घाणा करपला. पन्नास वर्षांत न घडलेली गोष्ट! ती म्हणाली, “पणतीला दोन-दोन ज्योती दिसतात रे, भोवती खळेही दिसते.” आम्ही डोळ्यांवर खापर फोडले आणि शस्त्रक्रिया करून घेतली. आई पंचांगातली बारीक अक्षरे वाचू लागली. आणि दिवाळीत चकल्या पुन्हा करपल्या.

त्याच दिवशी तिने विचारले, “सुधा कधी येणार?” मी म्हणालो, “शुक्रवारी.” तिने पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा मी सगळ्यांदेखत ओरडलो. आई शांतपणे म्हणाली, “ओरडतोस ते ऐकू येते रे, काय म्हणतोस ते येत नाही.” त्यानंतर तिने विचारणेच सोडले. नुसती मान डोलवायची.

तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे मला मागाहून कळले. वयाबरोबर आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. स्वर ऐकू येतात. स, श, फ, थ अशा वर्णांची धार मात्र बोथट होते. ओरडल्याने स्वरच मोठे होतात.

कानांच्या इतिहासात मला सर्वांत विलक्षण वाटले ते एक आसन. पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव याचा अंमल तेव्हा गोव्यावरही होता. त्याच्यासाठी 1819 च्या सुमारास लंडनच्या कारागिराने ते घडवले. आसनाच्या हातांना कोरीव सिंहमुखे होती, जबडे उघडे आणि हात आतून पोकळ. फिर्यादीने गुडघे टेकून सिंहाच्या तोंडात बोलावे, म्हणजे नळीवाटे शब्द राजाच्या कानी पडत. राजानेही आपले यंत्र आसनात दडवले होते! चष्मा नाकावर मिरवतो, कानाचे यंत्र मात्र माणूस आजही लपवतो. अमेरिकेत 1952 च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचे श्रवणयंत्र विक्रीस आले. ट्रान्झिस्टरने रेडिओच्याही आधी म्हाताऱ्या कानांची चाकरी केली; तरी आपण ‘वय झाले, चालायचेच’ म्हणतो. मीही तेच म्हणत होतो.

त्या सिंहमुखाने एक मात्र केले. बोलणाऱ्याला राजाजवळ जावे लागले. मीही आईसमोर बसू लागलो. दूरदर्शन बंद, उजेड माझ्या तोंडावर, बोलणे सावकाश. मग तिला तपासायला नेले. यंत्र लावायला ती लाजत होती. मी माझी चाळिशी तिच्या पुढ्यात ठेवली. ती हसली.

यंदा पहिला घाणा कढईत पडला, तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो. आईचे लक्ष कढईकडे नव्हते; ती सुनेशी बोलत होती. एकाएकी तिने झारा उचलला.

“चुरचुर थांबली,” ती म्हणाली. “काढ आता.”

दोन वर्षे आम्ही डोळ्यांना दोष देत होतो. चकल्या ती पूर्वीपासून कानांनी तळत आली होती.