तळटीप : कोलकात्याची प्रत

१२. कोलकात्याची प्रत : पुस्तकांच्या प्रती जमा करण्याविषयीच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्यानुसार, पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रकाशकाने स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. कोलकात्याची प्रत उत्तम कागदावरची, शिवलेली वा बांधलेली, नकाशे-चित्रांसह पूर्ण हवी. भाषेची किंवा गावाची अट नाही. धावड्यात (जि. जालना) कुणी गावच्या इतिहासाची चार फर्म्यांची पुस्तिका काढली, तर तिलाही हाच नियम आणि हाच मान. आवृत्ती संपते, घरच्या प्रतीला वाळवी लागते. तेव्हा गावाचा शब्द तिथे सापडावा, म्हणून ही प्रत आठवणीने पाठवावी. —संपा.